खराब डबाबंद फळांची जप्ती : कायदा आणि नागरिकांचे कर्तव्य

फळे ऋतुमानाप्रमाणे येतात आणि ऋतू संपला की बाजारातून नाहीशी होतात. निसर्गाच्या या नियमावर माणसाने शोधलेला एक उपाय म्हणजे डबाबंद फळ होय. आंब्याचा रस, अननसाच्या चकत्या, लिची, चेरी, मिश्र फळे इत्यादी पदार्थ हवाबंद डब्यांत भरून महिनोन्‌महिने टिकविता येतात. त्यामुळे मार्गशीर्षातल्या लग्नातही आमरसाची वाटी पानात येऊ शकते आणि हंगामात पडत्या भावाने विकाव्या लागणाऱ्या फळांना बागाईतदाराला बरी किंमत मिळू शकते. या उद्योगाचा लाभ शेतकरी, कामगार, व्यापारी आणि ग्राहक या सर्वांनाच होतो.

परंतु या सोयीबरोबर एक जोखीमही घरात येते. झाडावरचे वा टोपलीतले फळ खराब झाले, तर त्याचा रंग, वास आणि स्पर्श ते चटकन सांगतो. ग्राहक स्वतःच परीक्षक असतो. डबाबंद फळाच्या बाबतीत ही सोय राहत नाही. पत्र्याच्या आत काय चालले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही व नाकाला कळत नाही. ग्राहकाला विश्वास ठेवावा लागतो तो डब्यावरील कागदावर. या विश्वासाचे रक्षण करण्यासाठीच शासनाला खराब माल जप्त करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो अधिकार कोणता, तो कसा वापरला जातो, त्याच्या मर्यादा काय आहेत आणि त्यात सामान्य नागरिकाचा वाटा कोणता, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

उज्जैनचे उदाहरण

हा विषय समजून घेण्यासाठी उज्जैन नगरीचे उदाहरण सोयीचे ठरेल. क्षिप्रेच्या काठी वसलेल्या या नगरीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळील लष्कर येथे नेईपर्यंत उज्जैन हे शिंदे घराण्याचे राजधानीचे शहर होते. आजही तेथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. महाकालेश्वराच्या दर्शनासाठी खानदेश, विदर्भ, मराठवाडा या भागांतून यात्रेकरूंची ये-जा वर्षभर चालू असते. दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. मागील सिंहस्थ २०१६ च्या एप्रिल व मे महिन्यांत झाला आणि त्यानंतरचा २०२८ साली येतो.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ पावसाळ्यात भरतो, तर उज्जैनचा सिंहस्थ चैत्र-वैशाखात, म्हणजे माळव्याच्या ऐन उन्हाळ्यात भरतो. त्या दिवसांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालील गोदामात उष्णता याहूनही अधिक असते. लाखो माणसांचा मेळावा, तात्पुरती दुकाने, अन्नछत्रे, घाईची खरेदी आणि कडक ऊन या सर्व गोष्टी एकत्र आल्या म्हणजे साठवणुकीच्या अन्नाची कसोटी लागते. यात्रेकरू दुसऱ्या दिवशी आपल्या गावी निघून जातो. त्याला त्रास झाला तरी तक्रार करण्यासाठी तो परत येत नाही. म्हणूनच यात्रास्थळी खराब माल पोटात जाण्यापूर्वीच अडविणे हाच खरा उपाय ठरतो.

डब्यात फळ कसे टिकते?

अन्न हवाबंद भांड्यात घालून उकळल्यास ते पुष्कळ काळ टिकते, ही रीत फ्रान्समधील निकोला ॲपेर याने १८१० साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. तो काचेच्या बाटल्या वापरीत असे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचे एकस्व मिळविले. अन्न का टिकते, याचे शास्त्रीय कारण मात्र पुढे सुमारे अर्धशतकाने लुई पाश्चर यांच्या संशोधनामुळे उलगडले. अन्न नासविणारे सूक्ष्म जीव उष्णतेने मरतात आणि डबा हवाबंद असल्याने नवे जीव आत शिरू शकत नाहीत, हेच ते कारण होय. भारतात या विषयाचे संशोधन व प्रशिक्षण म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत होत आले आहे.

कारखान्यात फळ निवडून धुतले जाते, सोलून कापले जाते, डब्यात भरून त्यावर साखरेचा गरम पाक ओतला जातो. रसाच्या बाबतीत गरम रसच डब्यात भरतात. नंतर डब्यातील हवा उष्णतेने बाहेर काढून झाकण यंत्राने दुमडून घट्ट बसविले जाते आणि डबे उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवून लगेच थंड केले जातात. डबा थंड झाला की आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते. त्यामुळे चांगल्या डब्याचे तळ व झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेले असते.

फळांच्या बाबतीत आणखी एक नैसर्गिक संरक्षण लाभते, ते म्हणजे आंबटपणाचे. आम्लता मोजण्याचा जो सामू नावाचा अंक आहे, तो ४.६ पेक्षा कमी असल्यास बोट्युलिझम हा प्राणघातक विकार उत्पन्न करणारे जंतू त्या पदार्थात वाढू शकत नाहीत. बहुतेक फळे या मर्यादेच्या खाली असतात. म्हणून फळांना उकळत्या पाण्याची उष्णता पुरते, तर भाज्यांच्या डब्यांना दाबाखालील वाफेने सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवावे लागते. तथापि, आंबटपणा हे पूर्ण अभय नव्हे. डब्याला छिद्र पडून आत बुरशी वाढली, तर फळाची आम्लता कमी होऊ शकते आणि मग हे संरक्षणही दुबळे पडते.

डबा का बिघडतो?

बिघाडाची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण अपुरी उष्णता. ठरलेल्या वेळेपूर्वीच डबे बाहेर काढले, तर काही जंतू व बुरशीचे बीजाणू जिवंत राहतात. ते वाढून वायू तयार करतात आणि डबा फुगतो. दुसरे कारण गळती. झाकणाची दुमड नीट बसली नसेल, वाहतुकीत डबा आपटून दुमडीवर पोचा आला असेल किंवा गंज पत्र्याच्या आरपार गेला असेल, तर बाहेरचे पाणी, हवा आणि जंतू आत शिरतात. तिसरे कारण रासायनिक आहे. फळातील आम्ल डब्याच्या धातूवर क्रिया करते व त्यातून हायड्रोजन वायू निघतो. माल फार दिवस आणि फार उष्ण जागी साठविल्यास ही क्रिया वाढते व डबा फुगतो. अशा डब्यात जंतू नसले तरी फळात कथिलाचे प्रमाण वाढलेले असू शकते. डबाबंद पदार्थांत दर किलोग्रॅममागे २५० मिलिग्रॅमपर्यंतच कथिल असावे, अशी मर्यादा भारतीय मानकांत घातलेली आहे. अधिक कथिल पोटात गेल्यास मळमळ, उलटी, पोटदुखी असे त्रास होतात.

डबा जंतूंमुळे फुगला की धातूवरील क्रियेमुळे, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेचे काम आहे. दुकानदाराने व ग्राहकाने एवढेच ध्यानात ठेवावे की, फुगलेला डबा हा संशयित डबा होय आणि त्याची जागा विक्रीच्या फळीवर नाही.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर देशभर लागू होणारा अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ साली संमत झाला व १ जून १९५५ पासून अंमलात आला. त्या वेळी उज्जैन हे मध्य भारत राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात समाविष्ट झाले. १९५५ सालीच फळ उत्पादने आदेशही निघाला. फळांचे रस, मुरंबे, डबाबंद फळे इत्यादी तयार करणाऱ्यांना त्या आदेशान्वये परवाना घेणे बंधनकारक झाले. जुन्या डब्यांवर व बाटल्यांवर दिसणारी ‘एफपीओ’ ही खूण त्याच आदेशाची होती.

खराब अन्न कशास म्हणावे, यावर त्या काळात न्यायालयांत पुष्कळ खल झाला. दिल्ली महानगरपालिकेने चालविलेल्या काजूच्या तुकड्यांविषयीच्या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि १९७९ साली निर्णय दिले. पहिल्या निर्णयात, केवळ कीड दिसली एवढ्यावर भागत नाही, ते अन्न मानवी सेवनास अयोग्य झाल्याचे दिसले पाहिजे, असे म्हटले होते. दुसऱ्या निर्णयात कायद्यातील शब्दांचा अधिक व्यापक अर्थ लावण्यात आला. वाद मूलतः एका शब्दाच्या अर्थाचा होता, पण त्यावर ग्राहकाच्या ताटातील अन्नाचे भवितव्य अवलंबून होते.

पुढे हे निरनिराळे कायदे व आदेश एकत्र करून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ करण्यात आला. त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि जुने कायदे संपुष्टात आले. या अधिनियमात ‘असुरक्षित अन्न’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. घाणेरड्या, सडलेल्या, कुजलेल्या किंवा रोगट वनस्पतिजन्य अगर प्राणिजन्य द्रव्याचा पूर्णतः वा अंशतः समावेश असलेले अन्न त्यात मोडते. हा केंद्रीय कायदा असल्याने जळगावच्या बाजारात आणि उज्जैनच्या बाजारात तोच लागू होतो. फरक असलाच तर पाट्यांचा. महाराष्ट्रात ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ असे लिहिलेले असते, तर मध्य प्रदेशात ‘खाद्य सुरक्षा अधिकारी’ असे लिहिलेले आढळते. अधिकार दोघांचे सारखेच आहेत.

जप्तीची कार्यवाही

अधिनियमाच्या कलम ३८ अन्वये अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास अन्नाच्या जागेत प्रवेश करण्याचा, तपासणी करण्याचा, नमुना घेण्याचा आणि कायद्याचा भंग करणारे वाटणारे अन्न जप्त करण्याचा अधिकार आहे. ही कार्यवाही प्रत्यक्षात कशी होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, उन्हाळ्याच्या तोंडावर उज्जैनमधील एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात आमरसाच्या डब्यांची ४० खोकी आहेत. प्रत्येक खोक्यात ८५० ग्रॅमचे १२ डबे, म्हणजे एकूण ४८० डबे आहेत. काही डबे फुगलेले असून खालच्या खोक्यांतून पाक झिरपत आहे, अशी तक्रार येते. अधिकारी तेथे जाऊन प्रथम आपली ओळख देतो, साक्षीदारांना बोलावतो आणि डब्यांची बॅच क्रमांकानुसार विभागणी करतो. एका बॅचमधील डबे एकाच वेळी, एकाच पद्धतीने भरलेले व तापविलेले असतात. यास्तव एका डब्यातील दोष त्याच बॅचच्या इतर डब्यांतही असण्याचा संभव असतो. बाहेरून सपाट दिसणारा डबादेखील अशा वेळी संशयातून सुटत नाही. उलट, निराळ्या बॅचचा चांगला माल विनाकारण अडकून पडू नये, हेही या विभागणीमुळेच साधते.

त्यानंतर व्यापाऱ्यास लेखी सूचना देऊन नमुना घेतला जातो. नमुन्याची किंमत सर्वसाधारण विक्रीच्या दराने अधिकाऱ्याने द्यावयाची असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात. डबे सीलबंद असल्याने ते फोडले जात नाहीत. एकाच बॅचचे आवश्यक तेवढे डबे मिळून एक भाग मानला जातो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो व दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. व्यापाऱ्याने मागणी केल्यास चौथा भाग त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. दोन अहवालांत तफावत आढळली, तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो व तिचा निर्णय अंतिम असतो.

उरलेला माल जप्त केला जातो. तो तेथून हलविता येतो किंवा व्यापाऱ्याच्याच ताब्यात सुरक्षित ठेवता येतो. दुसऱ्या प्रकारात मालाच्या किमतीइतक्या रकमेचे बंधपत्र जामिनासह लिहून घेता येते. असा माल विकणे, हलविणे किंवा त्यात ढवळाढवळ करणे हा कलम ६० अन्वये स्वतंत्र अपराध आहे. जप्त केलेले अन्न नाशवंत असेल आणि ते मानवी सेवनास अयोग्य होण्याइतके बिघडले आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर व्यापाऱ्यास लेखी सूचना देऊन ते नष्ट करविता येते.

अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत अहवाल द्यावयाचा असतो. प्रयोगशाळेत डबे ठरावीक उष्णतेत काही दिवस ठेवून ते फुगतात काय, फळाचा सामू बदलतो काय, हे पाहिले जाते. जंतूंना वाढीस अवसर देऊन त्यांचे अस्तित्व उघड करण्याची ही रीत आहे. मध्य प्रदेशातील नमुन्यांची तपासणी करणारी राज्य शासनाची प्रयोगशाळा भोपाळ येथे आहे. अहवाल मान्य नसल्यास व्यापाऱ्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

जप्ती म्हणजे शिक्षा नव्हे

जप्ती झाली म्हणजे व्यापारी गुन्हेगार ठरला, असा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे. जप्ती ही मालावरील कार्यवाही आहे आणि शिक्षा ही माणसावरील कार्यवाही आहे. शिक्षेसाठी पुरावा, सुनावणी आणि निर्णय लागतो व त्यास काळ लागतो. परंतु तोपर्यंत सडलेले अन्न विकू दिले, तर निर्णय येईपर्यंत ते लोकांच्या पोटात गेलेले असेल. म्हणून कायदा प्रथम मालाला थांबवितो व मग दोष कोणाचा याचा शोध घेतो. दोष कारखानदाराचा असेल, वाहतूकदाराचा असेल किंवा गोदामाचा असेल. माल मात्र प्रत्येक बाबतीत सारखाच धोक्याचा असतो.

हा विचार केवळ आपल्याच देशातील नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात एका शीतगृहातील कोंबड्यांच्या मांसाची ४७ पिंपे सडलेली आहेत, असे म्हणून नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ती नष्ट करण्यासाठी मागितली. अगोदर सुनावणी व्हावी, असे शीतगृहाच्या कंपनीचे म्हणणे होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली निर्णय दिला की, सार्वजनिक आरोग्यास धोका असणारे अन्न पूर्वसुनावणीवाचून जप्त व नष्ट करता येते. मात्र ते अन्न चांगले होते असे मालकाने नंतर सिद्ध केल्यास त्यास भरपाई मागता येईल.

आपल्या कायद्यातही हा तोल राखलेला आहे. वाजवी कारण नसताना केवळ त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास कलम ३९ अन्वये १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार करणारासही ५० हजार ते १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कार्यपद्धतीचे महत्त्व किती आहे, हे २०१५ साली मॅगी नूडल्सच्या प्रकरणात सर्व देशाने पाहिले. त्या वर्षी जून महिन्यात केंद्रीय प्राधिकरणाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी रद्द ठरविली. उत्पादकास म्हणणे मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा कायद्यास अपेक्षित अशा मान्यताप्राप्त नव्हत्या, ही त्यातील प्रमुख कारणे होती. यावरून अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. घाई मालाला थांबविण्यात असावी, कागदपत्रांत नसावी. अर्धवट पंचनामा, पुसट मोहोर किंवा चुकीचा बॅच क्रमांक यांमुळे खरोखरीच सडलेला मालही न्यायालयात निर्दोष ठरू शकतो.

दोष आणि शिक्षा

सर्व दोष एका मापाने मोजले जात नाहीत. वेष्टनावरील मजकूर चुकीचा वा अपुरा असल्यास अन्न मिथ्याछाप ठरते व ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठरलेल्या दर्जापेक्षा कमी परंतु अपायकारक नसलेल्या अन्नाबद्दल ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या प्रकरणांचा निर्णय न्यायनिर्णय अधिकारी देतो. तो अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसतो.

असुरक्षित अन्नाबद्दल मात्र फौजदारी खटला होतो. अपाय झाला नसला तरीही २०२३ च्या सुधारणेनुसार ३ महिन्यांपर्यंत कारावास व ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंभीर इजा झाल्यास ६ वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मृत्यू ओढवल्यास किमान ७ वर्षांचा व जन्मठेपेपर्यंतचा कारावास आणि किमान १० लाख रुपये दंड सांगितलेला आहे. शिवाय, मृत्यूच्या प्रकरणी वारसांना किमान ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. वापराची अंतिम तारीख उलटलेला माल विकल्यास विक्रेता स्वतः जबाबदार असतो. ‘कंपनीने असाच पाठविला’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

नष्ट केलेला माल खरोखर नष्ट व्हावा

जप्तीचा खरा शेवट माल नष्ट होण्यात आहे आणि या टप्प्यावर विशेष जागरूकता हवी. वेष्टनावरील चूक दुरुस्त करता येते. सडलेल्या फळात मात्र दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. तरीही मुदत संपलेला माल भंगाराच्या भावाने घेऊन, जुना कागद काढून, नवी तारीख चिकटवून तो पुन्हा बाजारात आणण्याचा लोभ काहींना आवरत नाही. असा माल मोठ्या दुकानात सहसा जात नाही. तो जातो जत्रेत, आठवड्याच्या बाजारात, रस्त्यावरील शीतपेयांच्या गाड्यांवर आणि ‘निम्म्या किमतीत’ या पाटीखाली. याचा अर्थ असा की, त्याचा भार गरिबाच्या आणि लेकरांच्या पोटावर पडतो.

यास आळा घालण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये परवानाधारक उत्पादक व आयातदार यांना नाकारलेल्या आणि मुदत संपलेल्या अन्नाची व त्याच्या विल्हेवाटीची माहिती दर तिमाहीस देण्यास सांगितले. स्थानिक पातळीवर डबे फोडून, आतील पदार्थ काढून खड्ड्यात पुरणे, वेष्टने फाडणे आणि हे सर्व साक्षीदारांसमक्ष मोजून नोंदविणे, ही दक्षता महत्त्वाची आहे. गोदामातून ४८० डबे निघाले असतील, तर नमुन्यासाठी घेतलेले डबे वजा जाता उरलेल्या प्रत्येक डब्याचा हिशेब कागदावर लागला पाहिजे. न फोडलेला डबा कचऱ्यात टाकणे म्हणजे तो दुसऱ्या वाटेने बाजारात पाठविण्यासारखेच होय.

नागरिकांनी काय करावे?

देशातील प्रत्येक दुकानात अन्न सुरक्षा अधिकारी उभा राहू शकत नाही. पहिली तपासणी खरेदी करणारानेच करावयाची असते. डब्याचे तळ व झाकण सपाट आहे काय, ते पाहावे. अंगठ्याने दाबल्यावर ‘टक’ असा आवाज करून ते आतबाहेर होत असेल, तर तो डबा घेऊ नये. दुमडीवर पोचा, पुसून न जाणारा गंज, चिकट ओघळ, एका कागदावर चिकटविलेला दुसरा कागद, खाडाखोड केलेली तारीख ही सर्व धोक्याची चिन्हे आहेत. डब्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक असला पाहिजे.

डबा उघडताना वायू जोराने बाहेर आला, फेस दिसला, पाक गढूळ झालेला असला किंवा आंबूस वास आला, तर ‘थोडे चाखून पाहू’ असे कधीही करू नये. पुन्हा उकळून वा साखर घालूनही ते वापरू नये. चांगला डबा उघडल्यावर उरलेले फळ डब्यातच ठेवण्याची सवय मोडावी. हवा लागताच कथिल विरघळण्याचा वेग वाढतो. म्हणून उरलेले फळ काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून थंड जागी ठेवावे व लवकर संपवावे.

संशयित डबा रागाने फेकून देण्यात किंवा दुकानदाराला मुकाट्याने परत करण्यात नुकसान आहे, कारण त्याबरोबर पुरावाही जातो. डबा, त्यावरील कागद व खरेदीची पावती जपून ठेवावी आणि तक्रार करावी. केंद्रीय प्राधिकरणाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-२१०० आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. मध्य प्रदेशात १८१ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. कलम ४० अन्वये ग्राहक स्वतःही शुल्क भरून, विक्रेत्यास खरेदीच्या वेळी तशी सूचना देऊन, अन्नाचे विश्लेषण करवून घेऊ शकतो.

शाळांतील शिक्षकांवर याहून मोठी जबाबदारी आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. त्यांच्या अन्नात कीटकनाशक गेले होते. ते प्रकरण डबाबंद फळांचे नव्हते, परंतु स्वयंपाकघरात एखाद्या पदार्थाविषयी शंका निघाली की तेथेच थांबावे, हा धडा सर्व प्रकारच्या अन्नास लागू पडतो. जेवण वाढण्यापूर्वी चव घेण्याची शाळांतील रीत योग्यच आहे, तथापि ती शिजविलेल्या अन्नासाठी आहे. संशयित डब्याची परीक्षा जिभेने करावयाची नसते. देणगी म्हणून आलेले खाद्यपदार्थ स्वीकारतानाही तारीख, परवाना क्रमांक व डब्याची स्थिती पाहून नोंदवहीत नोंद करावी. देणगी नाकारल्याने कोणाचा अपमान होत नाही. तारीख उलटलेला माल दान म्हणून देणे हाच मुलांचा अपमान आहे.

दुकानदारांनी डबे जमिनीपासून उंच, कोरड्या व थंड जागी ठेवावेत, आधी आलेला माल आधी विकावा, फुगलेले व मुदत संपलेले डबे वेगळ्या खोक्यात ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवावेत आणि खरेदीची बिले जपून ठेवावीत. कोणाकडून माल घेतला हे सांगता न येणारा विक्रेता स्वतः दोषी ठरू शकतो. बिल हाती असेल, तर चौकशी त्याच्या दुकानातून पुढे वितरकाकडे व कारखान्याकडे जाते.

ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र आणि बाजार समिती यांनी उन्हाळ्याच्या व यात्रांच्या तोंडावर या माहितीचे फलक लावले, तर पुष्कळ काम सुलभ होईल. उज्जैनच्या घाटावर असो, की गावच्या आठवडी बाजारात असो, भुकेला व तहानलेला माणूस दुकानदाराच्या हातातून डबा घेतो तो विश्वासाने. त्या डब्यातील फळ सडलेले निघाले, तर नंतर झालेला दंड त्याचे दुखणे परत घेत नाही. म्हणून फुगलेला डबा दिसताच तो बाजूला ठेवणे, त्याची वर्दी देणे आणि झालेली कार्यवाही नीट नोंदविली जाते की नाही हे पाहणे, ही कामे दुकानदार, नागरिक व अधिकारी यांनी आपापल्या जागी वेळेवर केली पाहिजेत. कायद्याने जप्तीचा अधिकार दिला आहे तो याचसाठी की, शिक्षा करण्याची वेळच सहसा येऊ नये.